अंकांतला नाद आणि श्रवणाचा धर्म

नवविधा भक्तीत श्रवणाला पहिले स्थान दिले आहे. अर्चनाला मूर्ती लागते, फुले लागतात. कीर्तनाला कंठ लागतो, पाठांतर लागते. श्रवणाला मात्र दोन कान आणि थोडा वेळ असला की झाले, अशी सर्वसाधारण समजूत आहे. म्हणूनच श्रवण सर्वांत सोपे, असे पुष्कळांच्या तोंडून आम्ही ऐकतो. आमचे म्हणणे बरोबर ह्याच्या उलट आहे. नऊ भक्तींमध्ये फसवणुकीला सर्वांत जास्त वाव कोठे असेल तर तो श्रवणात. पूजा चुकली तर फुले ताटात तशीच राहतात, घरातले माणूस विचारते. ऐकले नाही तर कोणाला कळते? मान डोलते आहे, टाळी वाजते आहे, आणि मन गावाकडच्या गोठ्यात जाऊन म्हशीला वैरण घालते आहे!

गेल्या काही वर्षांत वाचकांची एक शंका निरनिराळ्या शब्दांत आमच्याकडे येते. मोबाईलवर कीर्तन ऐकले तर ते श्रवण होय की नव्हे? सप्ताहाला जाता आले नाही, पण तेच कीर्तन रात्री फोनवर ऐकले. पदरात काय पडले? पुण्याचा हिशेब ठेवणारे कारकून आम्ही नव्हे. पण शंका खरी आहे, आणि "चालते हो, सगळे चालते" असे म्हणून तिची बोळवण करणे बरे नव्हे. तसेच "छे, यंत्रातला देव खोटा" असे म्हणून हात झटकणेही बरे नव्हे. तेव्हा मुळापासून पाहू.

मुळापासून पाहावयाचे तर थोडे लांब जावे लागते, मंडळी. नादाची आणि यंत्राची गाठ प्रथम ज्यांनी घातली, आणि ती घातल्यावर ऐकणाऱ्याचे काय होते हे स्वतःच्या कानांवर करून पाहिले, ते लोक युरोपात आणि अमेरिकेत झाले. त्यांच्या संगीताला प्रयोगशील संगीत म्हणतात. ते तुम्हाला गोड लागेल असे आम्ही म्हणत नाही. त्यातले काही आम्ही ऐकले तेव्हा पिठाच्या गिरणीत पट्ट्याजवळ बसल्यासारखे वाटले. पण वैद्य जसा रस आधी स्वतःच्या जिभेवर ठेवून पाहतो तसे त्यांनी केले आहे, आणि त्यांचा अनुभव आपल्या शंकेच्या कामी येतो.

पॅरिसच्या रेडिओत पियेर शेफर नावाचे एक तंत्रज्ञ होते. १९४८ साली त्यांनी आगगाडीच्या इंजिनांचे आवाज तबकडीवर घेतले, तुकडे केले, उलटसुलट जोडले, आणि ह्यालाच संगीत म्हणा असे सांगून ते रेडिओवरून ऐकविले. घंटेचा आवाज घेऊन त्यातला पहिला ठोका त्यांनी काढून टाकला. उरलेला नाद वाजविला तर ती घंटा आहे हे ओळखता येईना! आरंभ गेला की ओळख गेली. पुढे त्यांचे म्हणणे असे झाले की आवाज कोणाचा आहे, कशाचा आहे हे विसरून केवळ आवाज ऐकावा. पायथागोरसचे शिष्य गुरूचे बोलणे पडद्याआडून ऐकत अशी ग्रीकांमध्ये कथा आहे. त्यावरून ह्या ऐकण्याला नावही पडले. बोलणारा दिसत नाही, फक्त बोलणे येते. आज आपल्या घराघरांत फोनवर जे चालते ते हेच.

नंतर नाद अंकांत गेला. १९५७ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत मॅक्स मॅथ्यूज ह्यांनी गणकयंत्राकडून आवाज काढविला. त्या यंत्राने वाजविलेला पहिला संगीताचा तुकडा अवघा १७ सेकंदांचा होता. १९८२ साली चकचकीत तबकडी, म्हणजे सीडी, बाजारात आली. तिच्यात नाद कसा ठेवतात ते सांगतो. एका सेकंदात ४४,१०० वेळा नादाचे माप घ्यावयाचे आणि दर वेळी ते माप ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर बसवावयाचे. एवढेच. तबकडीत नाद नसतो, नुसते अंक असतात. वाजवितेवेळी त्या अंकांवरून पडदा हलतो आणि नाद नवा जन्मतो.

येथे आमच्यातला जुना विद्यार्थी जागा झाल्याशिवाय राहत नाही. पाठशाळेत शब्द नित्य की अनित्य ह्या वादात आमची कैक दुपार गेली आहे. मीमांसक म्हणे, शब्द नित्य. उच्चार केवळ त्याला प्रकट करतो, म्हणून तर काल ऐकलेला गकार आणि आजचा गकार एकच आहे असे आपण ओळखतो. नैयायिक म्हणे, छे, शब्द उपजतो आणि क्षणांत विरतो. सारखेपणावरून तुम्हाला एकपणाचा भास होतो. आता सीडी समोर ठेवली तर जिंकले कोण? वरवर पाहता मीमांसक, कारण तेच गाणे हजार वेळा तसेच्या तसे येते. पण आत पाहिले तर अंक म्हणजे नाद नव्हे, जशी पोथीतली अक्षरे म्हणजे बोलणे नव्हे. नाद दर वेळी नवाच उपजतो आणि दर वेळी मरतो. आमच्या मते येथे नैयायिकाचे पारडे जड आहे.

आणि नैयायिकांनी आणखी एक गोष्ट सांगून ठेवली आहे, ती ह्या प्रकरणी फार मोलाची. मृदंगावर थाप पडली की तिचा पहिला नाद तेथेच विरतो. त्यातून दुसरा उपजतो, दुसऱ्यातून तिसरा, पाण्यात खडा टाकल्यावर वलयातून वलय निघावे तसा. दुसरे कोणी कदंबाच्या कळीचा दृष्टांत देतात: कळी एकदम सर्व बाजूंनी फुलते तसा नाद सर्व दिशांना फुटतो. कसेही असो, तुमच्या कानाशी जो येऊन पोहोचतो तो पहिला नाद नव्हेच. तो त्याचा पणतू, खापरपणतू. मांडवात अगदी पुढे बसलेल्या टाळकऱ्यालाही मूळ थाप ऐकू येत नाही. मग यंत्रातला नाद मूळ नव्हे म्हणून तो खोटा, हे म्हणणे कसे टिकावे? वंशाच्या साखळीत आणखी चार पिढ्या वाढल्या, इतकेच. ज्यांनी ध्वनिवर्धक आल्या दिवशी त्याला शिव्या दिल्या आणि आज त्याच्याशिवाय उभे राहत नाहीत, त्या आमच्या बंधूंनी हे ध्यानात घ्यावे. वीजेचा तंबोरा तर आता फोनमध्येच असतो आणि पुष्कळ कीर्तनांत तोच सूर धरतो. त्याने कोणाची भक्ती आटली असे आमच्या पाहण्यात नाही.

तेव्हा दोष नादात नाही. आता ऐकणाऱ्याकडे वळावे लागते.

ऐकणे कानाने होत नाही, मनाने होते, हा विचार बृहदारण्यकात आला आहे: मन अन्यत्र असेल तर कान उघडे असूनही ऐकणे घडत नाही. पण मन कशाने ठिकाणी राहते? राजा परीक्षिताचे उदाहरण घ्या. श्रवणभक्तीचा तो आदर्श आहे असे सर्व पुराणिक सांगतात. का बरे? त्याच्याहून जास्त ऐकणारे ऋषी पुष्कळ होते. पण परीक्षिताला सात दिवस होते. तक्षक येणार हे ठरलेले. शुकाचार्य जे सांगत आहेत ते पुन्हा ऐकावयास मिळणार नाही, मागे सरकवून घेता येणार नाही, कंटाळा आला म्हणून पुढचा स्कंध आधी मागता येणार नाही. त्याने आपला वेळ सांगणाऱ्याच्या हाती दिला आणि स्वतःचा हात काढून घेतला. श्रवणाचे वर्म आम्हाला येथे दिसते.

अंकांच्या यंत्राने नेमके हेच बदलले. पूर्वी तबकडी मधूनच लावावयाची तर उठून सुई उचलावी लागे. फीत मागे घ्यावयाची तर गरगर फिरवीत बसावे लागे. अंकांना मागचे पुढचे सारखेच. तासाभराच्या कीर्तनातल्या चाळिसाव्या मिनिटावर अंगठा ठेवला की तेथे. संगीत रचणारे लोकही आता पडद्यावर नादाची आकृती पाहतात, डोळ्यांनी पाहून कापतात, मग कानांनी ऐकतात. ऐकण्याचा वेळ एके काळी नादाच्या ताब्यात होता. तो आता अंगठ्याच्या ताब्यात आला. आणि हे सगळे सोयीचे आहे हो! गाण्यातली हरकत बसविताना आमचे विद्यार्थी तोच तुकडा वीस वेळा लावतात, आणि त्यांना ती लवकर बसते हे आम्ही नाकारीत नाही. पण अभ्यासाला जे साधन आहे तेच श्रवणाला साधन होईल असे नाही. पोथी शोधताना पाने चाळतात. पारायणात चाळत नाहीत.

विल्यम बासिन्स्की नावाच्या अमेरिकन संगीतकाराची गोष्ट येथे आठवते. २००१ साली ते आपल्या वीस वर्षांपूर्वीच्या ध्वनिफिती अंकांत उतरवून ठेवू लागले, म्हणजे त्या टिकाव्यात म्हणून. फीत फिरता फिरता तिच्यावरची लोखंडी भुकटी झडू लागली. प्रत्येक फेऱ्याला नाद थोडा थोडा जाई. त्यांनी यंत्र थांबविले नाही. झडून संपेपर्यंत चालू ठेवले, आणि ते मरणे तेवढे अंकांत उतरले. पुढे ते लोकांनी फार ऐकले. त्या फितीला परीक्षिताची दशा आली होती, म्हणूनच ऐकणाऱ्यांचे मन तिला चिकटले असावे असे आम्हाला वाटते.

आता दोन नि:शब्दांची कथा सांगतो. अंकयुगाने श्रवणाचे काय केले हे तिच्यात जसे दिसते तसे दुसऱ्या कशात दिसले नाही.

जॉन केज हे अमेरिकेतले प्रयोगशील संगीताचे मोठे नाव. त्यांचा आपल्या देशाशी संबंध होता. अहमदाबादच्या गीता साराभाई १९४६ साली न्यूयॉर्कला गेल्या होत्या. त्यांनी केज ह्यांना हिंदुस्थानी संगीताची ओळख करून दिली. संगीत कशासाठी, ह्या प्रश्नाचे उत्तर केज ह्यांना त्यांच्याकडून मिळाले: मन निवावे आणि दैवी शक्तीच्या स्पर्शाला ते योग्य व्हावे यासाठी. केज ह्यांनी हे जन्मभर सांगितले. १९५२ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कजवळ वुडस्टॉकच्या रानात एका लाकडी सभागृहात त्यांची एक रचना झाली. वादक पियानोपाशी येऊन बसला, झाकण मिटले, आणि ४ मिनिटे ३३ सेकंद त्याने एकही सूर वाजविला नाही. लोक चिडले, काही उठून गेले. पण जे बसले त्यांच्या कानी काय आले? बाहेरचा वारा, छपरावरचे पावसाचे थेंब, शेजाऱ्याची कुजबूज. वाजविणाऱ्याने काही दिले नाही. जे आले ते ऐकणाऱ्याने घेतले.

ह्याच केज ह्यांनी आवाज न शिरणाऱ्या एका खोलीत बसून दोन आवाज ऐकले होते, एक बारीक आणि एक खोल. खोल आवाज रक्ताभिसरणाचा, असे त्यांना तेथील तंत्रज्ञाने सांगितले. आपल्याकडचे काही उत्साही लोक लगेच ह्याला अनाहत नाद म्हणतात. कृपा करून म्हणू नये. अनाहत एवढा स्वस्त नाही.

असो. दुसरा नि:शब्द २०१४ सालचा. तोपर्यंत गाणी विकत घेण्याचे दिवस सरत आले होते. स्पॉटिफायसारख्या पेढीकडून गाणे वाहत येते आणि त्या वेळी जितक्यांदा ते वाजे तितके थोडे पैसे गाणाऱ्याला मिळत. त्यांचा नियम असा की ३० सेकंद वाजले म्हणजे एकदा ऐकले असे धरावयाचे. श्रवणाची ही नवी व्याख्या वाचकांनी नीट पाहावी! मनाचा संबंध नाही, अर्थाचा नाही, कानाचाही नाही; तीस सेकंद. अमेरिकेतल्या वल्फपेक नावाच्या एका वाद्यवृंदाने (हे प्रयोगशील पंथातले नव्हेत, चांगले ठेक्याचे संगीत वाजविणारे आहेत) ह्या नियमाची थट्टा केली. त्यांनी तीस सेकंदांहून जराशी मोठी अशी दहा गाणी त्या पेढीवर ठेवली, आणि दहाही गाण्यांत काही नव्हते. पूर्ण शांतता. आपल्या चाहत्यांना त्यांनी सांगितले, रात्री झोपताना हे लावून ठेवा. लोक झोपले, यंत्रे रात्रभर शांतता वाजवीत राहिली, आणि सुमारे २०,००० डॉलर जमा झाले. पुढे पेढीने ती गाणी काढून टाकली.

पाहा, शांतता दोन्हीकडे सारखीच. १९५२ च्या शांततेत यंत्र नव्हते, ऐकणारे होते. २०१४ च्या शांततेत यंत्र जागे होते आणि ऐकणारे घोरत होते; तरी हिशेबात 'ऐकले' असेच पडले. ज्याने ही थट्टा केली तो शहाणा होता असे आम्ही म्हणू. पण ही नुसती त्यांची थट्टा नव्हे. सकाळी स्वयंपाक करताना, दाढी करताना, फोनवर हरिपाठ लावून देणारी आपली किती घरे आहेत! हरिपाठ वाजतो. घर प्रसन्न होते, मुलांच्या कानावर शब्द पडतात, हे सगळे आम्हाला मान्य. उदबत्ती लावावी तसे ते आहे, आणि उदबत्ती लावणे वाईट कोणी म्हणेल? पण 'आज हरिपाठ झाला' असे जेव्हा त्या घरचा माणूस म्हणतो, तेव्हा तो स्पॉटिफायच्या हिशेबाने बोलतो. हरिपाठ वाजला, झाला की नाही ते त्याने मनाला विचारावे.

आणखी एक खुबी ह्या नव्या पेढ्यांची आहे. एक कीर्तन संपले की तुमची आवड पाहून तसलेच दुसरे आपोआप सुरू होते. विनोद आवडला तर विनोद, रडविणारे आवडले तर रडविणारे. कठोपनिषदात यमाने नचिकेत्याला श्रेय आणि प्रेय ह्यांतला भेद सांगितला. हे यंत्र फक्त प्रेय जाणते. सप्ताहात कीर्तनकार कोणता अभंग घेईल हे श्रोत्याच्या हाती नसते. नको असलेलाच अभंग, नेमका लागेल असा, वर्मी बसेल असा, येऊन आदळतो. न मागितलेले ऐकावे लागणे हा श्रवणाचा अर्धा लाभ आहे, आणि तोच ह्या सोयीत हरवतो.

कोणी विचारील, मग त्या प्रयोगशील लोकांनी ह्यावर काय केले? सगळ्यांनी काही केले असे नाही. पुष्कळ जण यंत्राच्या नादी लागून यंत्राचेच झाले. काहींनी यंत्राच्या वर्मावर बोट ठेवले. नाद लहान जागेत मावावा म्हणून त्यातले कानाला न जाणवणारे भाग काढून टाकण्याची एक रीत आहे, एमपीथ्री म्हणतात ती. रायन मॅग्वायर नावाच्या संगीतकाराने ते काढून टाकलेले भागच गोळा करून त्यांची रचना केली! टाकून दिलेले भुतासारखे घुमते. कल्पना चतुर आहे, आम्हाला त्यात फार राम वाटला नाही.

राम वाटला तो दुसरीकडे. जर्मनीत हाल्बरश्टाट नावाचे गाव आहे. तेथील एका जुन्या चर्चमध्ये केज ह्यांचीच एक ऑर्गनची रचना वाजविली जात आहे. रचनेवर त्यांनी 'शक्य तितक्या संथ' असे लिहिले होते. केज १९९२ साली वारले. पुढे लोकांनी विचार केला, शक्य तितक्या म्हणजे किती? त्या गावात १३६१ साली एक प्रसिद्ध ऑर्गन बसविला गेला होता. त्यापासून २००० पर्यंत ६३९ वर्षे होतात, म्हणून पुढची ६३९ वर्षे ती रचना वाजवावयाची असे ठरले. २००१ च्या सप्टेंबरात ती सुरू झाली. आरंभीच विराम होता, म्हणून पहिला सूर यायला २००३ चा फेब्रुवारी उजाडला. संपणार २६४० साली. सूर वर्षानुवर्षे तोच राहतो. २०२० च्या सप्टेंबरात तो बदलला तेव्हा सुमारे सात वर्षांनी बदलला, आणि तो बदल ऐकण्यासाठी लोक दुरून आले. नंतर २०२४ च्या फेब्रुवारीतही आले. पूर्ण रचना ऐकणारा माणूस जन्माला आलेला नाही, येणारही नाही. अंगठ्याने पुढे सरकवावयाचे म्हटले तर सरकविणार काय?

ही हकीकत कळली तेव्हा आम्हाला लगेच आपला विणेकरी आठवला. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवावयाची नाही. पहारा बदलतो, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. रात्री तीन वाजता मांडवात चार कुत्री आणि विणेकरी, तरी वीणा उभी. हाल्बरश्टाटला मात्र सूर दाबून धरण्यासाठी वजने टांगली आहेत. माणूस तेथे नसतो. वजनाला पाय दुखत नाहीत, वजनाला पहाटेची थंडी वाजत नाही. त्या लोकांची जिद्द मोठी आहे, आम्ही तिला कमी लेखीत नाही. परंतु सूर तगून राहणे आणि सूर कोणी तरी तगविणे ह्यांत अंतर आहे.

हे अंतर ज्यांना उमगले असे वाटते त्या एक फ्रेंच विदुषी, एलियान रादीग. शेफर ह्यांच्याच हाताखाली त्या १९५० नंतरच्या काळात शिकल्या. पुढे तीसेक वर्षे त्यांनी वीजेच्या वाद्यावर आणि ध्वनिफितीवर अतिसंथ रचना केल्या. मध्यंतरी तिबेटी बौद्ध साधनेकडे वळल्या. मृत्यूवरची त्यांची तीन भागांची रचना जवळजवळ तीन तास चालते, आणि वरवर ऐकणाऱ्याला तीत काही घडतच नाही. यंत्रावरचा असा अधिकार असलेल्या बाईंनी २००० नंतर यंत्र बाजूला ठेवले. पुढे त्या एकेका वादकाला समोर बसवून, कागदावर स्वरलिपी न लिहिता, बोलून आणि ऐकून रचना देऊ लागल्या. दिलेली रचना त्या वादकाची. ती पुढे द्यावयाची तर त्यानेच तोंडी द्यावयाची. गुरुमुखाने घेणे ह्याला दुसरे काय म्हणतात? पन्नास वर्षे यंत्रात राहून त्या जेथे पोहोचल्या तेथे आपल्याकडे पोर पखवाज शिकायला बसते तेव्हा पहिल्या दिवशी बसते. हे आम्ही बढाईने सांगत नाही. ज्यांच्याकडे यंत्र सगळ्यांत चांगले होते, त्यांना काय कमी पडले ते कळावे म्हणून सांगतो.

आता वाचकांच्या शंकांकडे वळू.

अंथरुणावर खिळलेल्या एका भगिनींनी कोणाकडून तरी पत्र लिहवून विचारले आहे की, आता पंढरीची वाट बंद झाली, मांडवही दिसत नाही, फोनवर ऐकते, त्याला श्रवण म्हणावे का. माऊली, तुमच्या पत्रातच उत्तर आहे. तुम्ही लिहिता की नातू सकाळी फोन उशाशी लावून देतो आणि शाळेत जातो. हात तेथवर पोहोचत नाही, म्हणून जे लागेल ते दोन तास ऐकते, कधी आवाज फुटतो तरी तसेच ऐकते. अहो, मांडवात पुढच्या रांगेत बसून ज्यांचा अंगठा मांडीवरच्या फोनवर फिरत असतो त्यांच्याहून तुमचे श्रवण शतपटीने खरे आहे. परीक्षिताचा हात गंगेच्या तीरावर असाच आवरलेला होता. फक्त नातवाला सांगा, दर वेळी गाजलेलेच लावू नकोस. एखाद्या दिवशी न ऐकलेल्या महाराजांचे लाव.

ज्यांचा हात पोहोचतो त्यांना नेम करावा लागेल. एकादशीला घरात धान्य असतेच, आपण खात नाही. तसे अंगठा असूनही चालवू नये. एक कीर्तन निवडावे, बसावे, फोन पालथा घालावा, आणि संपेपर्यंत त्याला हात लावू नये. संपल्यावर यंत्र आपोआप दुसरे सुरू करील, ते बंद करावे आणि दोन मिनिटे तसेच बसावे, कारण श्रवणानंतर मनन सांगितले आहे, दुसरे श्रवण नव्हे.

मग मांडवात यायचे कशाला, असे कोणी तरुण विचारतील. यायचे एवढ्यासाठी की मांडवातले कीर्तन तुमच्या ऐकण्याने बदलते. श्रोते मंदावले तर आम्ही निरूपण आवरून गजर घेतो. कोणाचे डोळे पाणावलेले दिसले तर त्याच चरणावर घुटमळतो. ध्रुपद धरणाऱ्यांनी साथ सोडली तर आम्ही उघडे पडतो. फोनमधल्या कीर्तनकाराला तुमची गरज नाही. तुम्ही रडा, झोपा, उठून जा, तो तसाच बोलत राहील. त्याच्याकडून तुम्हाला मिळेल, तुमच्याकडून त्याला काही देता येणार नाही. वारीत कानांत बोंडे घालून चालणाऱ्यांना आमचे हेच सांगणे आहे. तुमच्या कानात मोठ्या गवयाचा अभंग चालला असेल, सुरेलही असेल. पण दिंडीत शेजारचा म्हातारा बेसूर ओरडतो आहे, त्याचा दम तुटला की पुढची ओळ तुम्ही उचलावी अशी त्याची अपेक्षा आहे. तुम्ही ऐकलेच नाही तर उचलणार कसे?

राहिला कीर्तनकारांचा प्रश्न, म्हणजे आमच्याच धंद्यातल्या मंडळींचा. दोन तासांच्या कीर्तनातले एका मिनिटाचे तुकडे काढून ते सर्वत्र फिरवावयाची रीत पडली आहे. ते तुकडे पाहून काही मुले पंढरीला आली, माळकरी झाली, हे आम्ही स्वतः पाहिले आहे, म्हणून सरसकट निषेध करवत नाही. पण त्याचा परिणाम बोलण्यावर होतो आहे. तुकडा सुटा चांगला दिसावा म्हणून वाक्य आधीपासूनच तसे घडविले जाते. अभंगाचा दुसरा चरण तिसऱ्याशी कसा बांधला आहे हे सांगायला मिनिट पुरत नाही, म्हणून ते सांगणेच गळते. शेफरच्या घंटेसारखे होते: ठोका एकीकडे, नाद एकीकडे, आणि घंटा ओळखू येत नाही. आम्हाला बोलावणाऱ्या मंडळांना आम्ही आता आधीच सांगतो की मुद्रण करा, हरकत नाही, पण ठेवायचे तर सबंध ठेवा, आणि यंत्र टाळकऱ्यांच्या मागे लावा, आमच्या आणि श्रोत्यांच्या मध्ये नको. बहुतेक मंडळे ऐकतात. आणि एक गंमत सांगतो: यंत्रामागे कानाला बोंडे लावून उभा असणारा जो पोरगा असतो ना, त्याला मधले काही सोडता येत नाही, पुढे सरकविता येत नाही, उठून चहाला जाता येत नाही. मागे एका गावी कीर्तन झाल्यावर तो आमच्या पाया पडायला आला, आणि तिसऱ्या चरणाचा अर्थ आपल्याला नीट लागला नाही म्हणून विचारू लागला. सबंध मांडवात तो एकटाच हे विचारायला आला होता. आम्ही त्याला बसवून घेतले.